एका दरीतल्या गोगलगायी

वापरलेला पेपर नॅपकिन कचऱ्यात टाकायच्या आधी तो उजेडाकडे धरायचा, एक बाजू बघायचा, उलटा करून दुसरी बघायचा आणि मगच टाकायचा. कुणाच्याही घरी. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो बटाटेवड्याचा तेलकट नॅपकिन दिव्यासमोर धरून उभा होता. मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "हे कोण ध्यान?"

तेवढ्यात त्यानं माझ्याही हातातला नॅपकिन मागितला. "द्या वहिनी, मी टाकतो," म्हणाला आणि तोही तपासला. मग स्वतःच ओशाळला. "सॉरी हं. सवय झालीये. आधी बघायचं, मग टाकायचं."

प्रत्येक गावात असं एक माणूस असतं. तुमच्याही असेल. लोक त्याला हसतात, जेवायला मात्र हटकून बोलावतात. हा मूळचा बार्शीचा. आमच्यातले बाकीचे सगळे कॉम्प्युटर, नाहीतर केमिकल, नाहीतर माझ्या नवऱ्यासारखे धातू तापवणारे. हा एकटा पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवरच्या गोगलगायींवर पीएचडी करत होता. साहजिकच त्याचं नाव 'गोगलगायवाले' पडलं. "काय गोगलगायवाले, थीसिस कुठवर आला?" असं कुणी विचारलं की तो शांतपणे म्हणायचा, "सरपटतोय."

मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी, पुण्यात चार वर्षं लॅबमध्ये नोकरी, आणि इथे काम करायची परवानगी नाही. दुपारी कॅम्पसच्या बसमध्ये बसायचं, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत यायचं, असे माझे दिवस चालले होते. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. एकदा जिन्यात त्यानं मला गाठलं. "वहिनी, फ्री आहात का? जरा हेल्प हवी होती. पैसे मिळणार नाहीत. पण बोअर नाही होणार, प्रॉमिस."

त्याची गोगलगायींची खोली विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. आत कायम एकसारखा गारवा, ओलसर पानांचा वास, आणि फळ्यांवर ओळीनं प्लास्टिकचे पारदर्शक डबे. प्रत्येक डब्यात तळाला ओले पेपर टॉवेल आणि झाकणाला आतून चिकटलेल्या गोगलगायी. करंगळीच्या नखाहून थोड्या मोठ्या. काही मधाच्या रंगाच्या, काहींवर तपकिरी पट्टा. पावसाळ्यात आपल्या अंगणात फिरणाऱ्या त्या लिबलिबीत प्रकारापेक्षा फारच देखण्या, हे मला मान्य करावं लागलं.

या अंडी घालत नाहीत, पिल्लं देतात. एका वेळी एकच. ते पिल्लू मोहरीपेक्षा जरासं मोठं आणि जवळजवळ आरपार दिसणारं. डब्यातले टॉवेल बदलताना ते घडीत चिकटून राहिलं आणि टॉवेल कचऱ्यात गेला की संपलं. म्हणून प्रत्येक टॉवेल उजेडाकडे धरून बघायचा. हे माझं काम. गणपतीतल्या त्या नॅपकिनचा उलगडा मला तिथे झाला.

पहिलं पिल्लू सापडलं तेव्हा मी ओरडलेच. तो दोन उड्यांत माझ्याजवळ आला, मऊ ब्रशनं त्याला उचललं, आणि म्हणाला, "बारशाला पेढे तुमच्याकडून."

आता त्या गोगलगायींचं मोल सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला वेडेपणा वाटेल. त्यांच्या बेटावर खोल दऱ्या आहेत, आणि जवळपास प्रत्येक दरीची झाडावर राहणारी आपली अशी वेगळी गोगलगाय होती. पुढे कधीतरी तिथे पिकं खाणारी एक मोठी गोगलगाय पसरली. तिचा बंदोबस्त करायला शहाण्या माणसांनी बाहेरून शिकारी गोगलगाय आणून सोडली. त्या शिकारणीनं मोठीला बाजूला ठेवलं आणि झाडावरच्या या गरीब बापड्या खाऊन टाकल्या. दरीमागून दरी रिकामी झाली. याच्या डब्यांत होत्या त्या एका दरीतल्या उरलेल्या सगळ्या. दुसऱ्या कुठल्याही झाडावर, कुठल्याही काचेत, जगात कुठेही त्या नव्हत्या.

त्याला फक्त गोगलगायींमध्ये रस नव्हता. तिथल्या बायका या शंखांच्या माळा करत. लग्नात घालत, पाहुण्याच्या गळ्यात घालत, होडीतून दुसऱ्या बेटावर सासरी जाताना बरोबर नेत. कुठल्या बेटावरचा शंख कुठे सापडतो यावरून कोणाची माणसं कुठे गेली हे कळेल, असं त्याचं म्हणणं होतं. "वहिनी, आपल्याकडे दागिन्यावरून माहेर ओळखतात ना? सेम." हे सांगताना त्याचे डोळे असे लकाकायचे की हसणाऱ्याची जीभ आपोआप गप्प व्हायची.

त्या दरीच्या तोंडाशी एक म्हातारी राहत होती. तिच्या घरी तो एक उन्हाळाभर राहिला होता. तिला तो आजीच म्हणायचा. आजीकडे तिच्या आजीची माळ होती, पण माळेतला शंख झाडावर चालताना तिनं शेवटचा पाहिला तो तरुणपणी. तिच्या घरामागे दरीचा एक तुकडा कुंपण घालून तयार होत होता. शिकारीण आत शिरू शकणार नाही असं कुंपण. तयार झालं की या डब्यांतल्या गोगलगायी तिथे सोडायच्या. दर रविवारी आजी फोन करायची. तिची नात इंग्रजीत विचारायची, "ग्रँडमा विचारते, आहेत ना?" आणि हा म्हणायचा, "आहेत. आजीला सांग, आहेत."

मग एकेक गोष्ट बिघडत गेली. त्याचे गाईड दुसऱ्या विद्यापीठात गेले. जाताना गोगलगायींचं काय करायचं ते 'लवकरच बघू' म्हणाले आणि त्यांनी ते बघितलं नाही. पुढच्या सेमिस्टरला त्याला पैसे कोण देणार हे कुणी सांगेना. पैसे नाहीत तर विद्यार्थी नाही, विद्यार्थी नाही तर व्हिसा नाही, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ असतं. तो या ऑफिसातून त्या ऑफिसात हेलपाटे घालायचा. परत येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "मी गेलो तर चालेल हो वहिनी. पण यांना कोण घेणार?"

दुसऱ्या शहरातल्या एका प्राणिसंग्रहालयानं घ्यायची तयारी दाखवली, पण त्यांच्या परवानग्यांना वेळ लागणार होता. आणि ऐन जुलैत तळघराचं कूलिंग बंद पडलं. दुरुस्ती कधी, तर इमारतीचं नूतनीकरण निघेल तेव्हा. त्यानं विनवण्या केल्या, मेल केल्या, एकदा तर डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं भांडला. दुसऱ्या दिवशी डब्यांतल्या गोगलगायी शंखाच्या आत मिटून बसलेल्या दिसल्या, तेव्हा त्यानं मला गाडी काढायला सांगितली. आम्ही सगळे डबे त्याच्या अपार्टमेंटमध्ये आणले. खिडकीतला एसी चालू केला आणि तो जमिनीवर बसून राहिला.

त्याच महिन्यात त्याचे वडील आले होते. तिकीट सहा महिने आधी काढलेलं, रद्द करायची सोय नाही. काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा एकुलता एक. शिडशिडीत, स्वच्छ धोतर, पायात मुलानं घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. मुलगा अमेरिकेत गोगलगायी सांभाळतो हे बार्शीत सांगताना त्यांना आधी संकोच वाटायचा, हे त्यांनीच मला सांगितलं. प्रत्यक्ष बघितल्यावर मात्र ते पार विरघळले.

आठवड्याभरात त्यांनी डब्यांचा ताबा घेतला. सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून फवाऱ्यानं पाणी मारायचं. ओट्स, पाल्याची पूड आणि चुन्याची भुकटी कालवून लापशी करायची. शंख घडायला चुना लागतो, म्हणून या बायांना चुना भारी प्रिय. पाणी मारता मारता काका त्यांना बार्शीच्या बातम्या सांगायचे. "हिला बरं नाही का रे?" एखादीकडे बोट दाखवून विचारायचे. "कालपासून रुसलीये." तो कितीतरी दिवसांनी हसला, तो याच दिवसांत.

लापशीला मुंग्या येत. नवजात पिल्लांना मुंग्या फाडून खातात. त्यानं टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते, आपल्याकडे दुधाच्या कपाटाचे ठेवतात तसे. तेवढ्यानं भागत होतं.

प्राणिसंग्रहालयाच्या परवानग्या अखेर येऊ घातल्या. शेवटचं बोलणं करायला तो दोन दिवसांसाठी गेला. परतला त्या सकाळी बसस्टॉपवरून मीच त्याला आणलं. गाडीत तो सारखा बोलत होता. त्यांनी जागा दाखवली, माणसं चांगली आहेत, सोमवारी डबे न्यायचे, कुंपणाचंही काम उरकत आलंय. "आजीला आज फोन करतो वहिनी. आज रविवार नाहीये, पण करतो."

दार काकांनी उघडलं. चेहरा उजळलेला. "ये, ये. अरे, तू गेलास आणि मुंग्यांनी वाट काढली की! पडद्यावरून. रांगच्या रांग. पण म्हटलं घाबरायचं नाही. बार्शीहून झुरळांचा खडू आणला होता ना मी तुझ्यासाठी? सगळ्या डब्यांना रेघ मारली. बाहेरून मारली, झाकणाच्या आतल्या कडेलाही मारली, म्हणजे चुकून एखादी शिरली तरी तिथेच अडेल. बघ, औषधाला मुंगी नाही."

आपल्याकडे तो खडू घरोघर असतो. ओट्याखाली, कोनाड्यात, देवघराच्या मागे आपण डोळे मिटून रेघा ओढतो. त्यात विष असतं हे आपल्याला ठाऊक असतं, पण ते झुरळांचं, मुंग्यांचं. खडू म्हणजे मुख्यतः चुनखडीच, हे कुणाच्या मनात येतं?

त्यानं एक झाकण उचललं. आतल्या कडेवरची पांढरी रेघ जागोजागी नव्हती. रात्रभर चाटून नेलेली. मला ते कळायला एक क्षण लागला. त्याला नाही लागला. त्यानं झाकण उलटं करून टेबलावर ठेवलं.

"छान केलंत बाबा," तो म्हणाला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, बाबांना जरा स्टोअरमध्ये नेता का? भाजी संपलीये." मी काकांना घेऊन गेले. काकांनी ढोबळी मिरची, कोबी आणि मुलाला आवडतात म्हणून फरसबीच्या शेंगा निवडून निवडून घेतल्या. आम्ही परत आलो तेव्हा सगळे डबे धुतलेले होते आणि तो बाहीनं तोंड पुसत होता.

त्यानं जे जे करता येईल ते केलं. कोमट पाण्यात एकेकीला धुतलं, नवे डबे, नवे टॉवेल, ओळखीच्या नि अनोळखी माणसांना फोन. कुणाकडेच उपाय नव्हता. त्या झाकणावरून गळून खाली पडत. मेलेली गोगलगाय आत मिटत नाही, अंग बाहेर टाकून पडते. काका विचारत, "आज सगळ्या खाली का रे?" आणि हा म्हणे, "उन्हाळा आहे ना बाबा, झोपल्यात." मी दुपारी जाऊन बसायचे आणि काकांशी इकडचं तिकडचं बोलत राहायचे, म्हणजे त्याला आतल्या खोलीत काम करता येई. शनिवारी शेवटची गेली. तिच्या डब्यातला टॉवेल त्यानं नेहमीसारखा उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. काही नव्हतं.

बाहेर येऊन त्यानं माझा हात धरला. यापूर्वी कधी धरला नव्हता. "बाबांना कळता कामा नये. कधीच. शप्पथ घ्या वहिनी." मी घेतली. काका आता हे वाचायला नाहीत, म्हणून लिहिते आहे.

सोमवारी त्यानं रिकामं खोकं बांधलं. काकांना सांगितलं, आज जायच्या. काकांनी खोक्याला कुंकू लावलं. वाटीत दही-साखर कालवून आणली, आणि प्रवासाला निघालेल्यांच्या तोंडाला लावता येत नाही म्हणून मुलाच्या हातावर ठेवली. "त्यांच्या वतीनं तू खा." त्यानं खाल्ली. "पोचल्या की कळव हो. आणि बेटावर गेल्या की तेही," काका म्हणाले. मी गाडी काढली. तो ते खोकं मांडीवर घेऊन शेजारी बसला. कुठे जायचं ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून मी एक चक्कर मारून आमच्याच इमारतीच्या मागच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि वर काकांना कळणार नाही असं त्याला खाली माझ्या स्वयंपाकघरात आणलं.

तिथून त्यानं आजीला फोन केला. आमच्याकडे दुपार, तिकडे सकाळ. नात फोनवर होती. त्यानं साध्या इंग्रजीत सांगितलं, की आता नाहीत. एकही नाही. पलीकडे दोघी आपसात काहीतरी बोलल्या. मग नातीनं विचारलं, कुणामुळे? तो म्हणाला, "माझ्यामुळे." परत बोलणं झालं, लांबलेलं. मी ओट्याला टेकून उभी होते. मला नुसता पलीकडचा बारीक आवाज ऐकू येत होता. त्यानं फोन ठेवला तेव्हा मी विचारलं, काय म्हणाल्या?

"आजी विचारत होती, जेवलास का." आणि तो माझ्या टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. "शिव्या द्यायला हव्या होत्या हो वहिनी. शिव्या तरी द्यायच्या."

डिपार्टमेंटलाही त्यानं हेच सांगितलं. माझी चूक. घरी विषारी वस्तू राहिली, मी लक्ष दिलं नाही. खडूचा उल्लेख नाही, काकांचा तर नाहीच. मी रागावले. निदान कूलिंग कुणी बंद पडू दिलं ते तरी सांग, म्हटलं. तो म्हणाला, "मग ते खोदत बसतील, घरी कोण होतं विचारतील. नको." सप्टेंबरात काका समाधानानं बार्शीला परतले. डिसेंबरात त्यानं पीएचडी सोडली. कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली आणि तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला गेला. सुरुवातीला त्याचे फोन यायचे. फ्रीवेवर रोज दोन तास जातात, फ्लॅटमेट तेलुगू आहे, सांबार बरं करतो, एवढंच. गोगलगायींचं तो बोलायचा नाही आणि मीही काढायचे नाही. मग फोन कमी झाले. मग एक दिवस तो नंबर बंद असल्याचं रेकॉर्डिंग लागलं. ओळखीच्यांत विचारलं, तर कंपनीनं माणसं काढली त्यात तो गेला, यापुढे कुणालाच काही माहीत नव्हतं. माझा त्याच्यावर राग आहे. अजून आहे. दुःख एकट्यानं गिळायचा एवढा अट्टहास माणसानं करू नये, मागे राहिलेल्यांनी काय करायचं?

त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे २००८ च्या हिवाळ्यात, मी भारतात आले होते. सोलापुरात एक लग्न होतं, तिथून बार्शीला गेले. काका थकले होते, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. चहा स्वतः केला. शेजारच्यांना हाका मारून बोलावलं. "या अमेरिकेच्या वहिनी. यांनी आणि माझ्या मुलानं मिळून त्या गोगलगायी वाचवल्या."

मी चहाचा कप खाली ठेवला. मग बोलण्या-बोलण्यात कळलं. त्यानं काकांना सांगितलं होतं, की गोगलगायींबरोबर तोही बेटावर गेला आहे. तिथेच नोकरी, तिथेच राहणं. बेटावरून फोन नीट लागत नाही. तिथून भारतात यायचं तर विमानं बदलत दोन-तीन दिवस जातात, आणि गोगलगायींना सोडून कसं येणार? काकांना हे पूर्ण पटलं होतं. "जबाबदारीचं काम आहे," ते शेजाऱ्यांना म्हणाले. आता शेवटचा फोन येऊन बरेच महिने झाले होते, तेही त्यांनी बेटाच्याच खात्यावर घातलं होतं. त्या एका 'छान केलंत बाबा'पायी तो स्वतःच्या घरी यायला मोकळा राहिला नव्हता. आला असता तर काकांनी पहिला प्रश्न काय विचारला असता, हे मला समोर दिसत होतं. कारण तोच त्यांनी मला विचारला.

"तुम्ही पाहिल्यात का हो त्या, झाडावर?"

"पाहिल्या," मी म्हटलं. मग थांबताच येईना. दरी किती हिरवी आहे ते सांगितलं. पानाच्या खालच्या बाजूला त्या कशा चिकटून असतात, पाऊस आला की कशा वर निघतात, मधाच्या रंगाची कुठली, पट्ट्याची कुठली. म्हातारी आजी रोज सकाळी काठी टेकत कुंपणाशी येते ते सांगितलं. गोगलगायींना पोरं झाली, त्या पोरांना पोरं झाली. मी त्या बेटावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. काका डोळे मिटून ऐकत होते आणि शेजारच्या बाई पदर तोंडाशी धरून.

निघताना ते दारापर्यंत आले. सगळ्यांसमोर विचारायचं त्यांनी बहुतेक राखून ठेवलं होतं. आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तो? तो बरा दिसत होता का?"

"हो काका. छान होता. उन्हानं जरा काळा पडलाय, एवढंच."

ते हसले. "आईवर गेलाय," म्हणाले. "तीही अशीच, जरा उन्हात गेली की काळवंडायची."